कापलेला कोपरा

संस्थेत पोरं मला माझ्या पाठीमागे फौजदार म्हणतात आणि तोंडावर मॅडम. मला दोन्ही चालतं. खरं विचाराल तर फौजदार जास्त आवडतं, कारण मी करते तेच. जीवशास्त्र शिकून आलेल्या पोरांना मी आकडेवारी शिकवते. शेकडो माणसांच्या रक्ताचे नमुने, एकेका नमुन्यात वीस हजार जनुकं, आणि प्रत्येक जनुक किती जोरात काम करतंय त्याचा एक आकडा. हा ढीग समोर आला की पोरांना वाटतं, आता दुपारच्या जेवणापर्यंत आपण काहीतरी शोधून काढणार. आणि काढतातही, तीच तर पंचाईत आहे!

म्हणून पहिल्या दिवशी मी त्यांना एक डेटा देते. हे आजारी, हे निरोगी, शोधा फरक. संध्याकाळपर्यंत फळा जनुकांच्या नावांनी भरतो, आणि हे जनुक असं का वागलं याची प्रत्येकाकडे झकास गोष्ट असते. सगळं बोलून झालं की मी सांगते, "छान. आता ऐका. कोण आजारी आणि कोण निरोगी, त्या चिठ्ठ्या मी सकाळी पत्ते पिसावेत तशा पिसून टाकल्यात. तुमचे आजारी हे आजारी नाहीतच." मग तोंडं बघावीत एकेकाची. वीस हजार जनुकं तपासली की त्यातली हजारेक नुसत्या नशिबानं नाचून दाखवतात. हे पुस्तकात वाचून कुणाच्या डोक्यात शिरत नाही, एकदा तोंडावर आपटावंच लागतं.

दुसरा धडा ओळखपरेडीचा. कुठलाही डेटा हाती आला की आधी प्रत्येक नमुन्याला विचारायचं, बाबा रे, तू बाई की पुरुष? काही जनुकं फक्त पुरुषांच्या रक्तात बोलतात, बायकांच्यात गप्प बसतात. चिठ्ठी बाईची आणि आतून बोलतोय पुरुष, असं दिसलं की समजायचं, कुठेतरी अदलाबदल झालीय. काम पाच मिनिटांचं आहे. पण शहाणीसुरती माणसं ते करत नाहीत, नाहीतर करून निकाल झटकून टाकतात, कारण त्यांना आपल्या हातावर फार भरवसा असतो.

असंच एक शहाणं माणूस माझ्या घरी आहे. तेव्हा संस्थेचे प्रमुख होते आमचे हे. घरी मी त्यांना अहो म्हणते आणि संस्थेत सर. ते घरी मला तू म्हणतात आणि संस्थेत मॅडम. लिफ्टचं दार उघडलं की दोघांचीही जीभ आपोआप बदलते. इतकी वर्षं हे सुरळीत चाललं होतं.

यांचं नाव झालं ते एका शोधामुळे. यकृताच्या एका आजारात एक जनुक पहिल्या टप्प्यात मंदावतं आणि पुढच्या टप्प्यांत चढतं, असं यांना सापडलं. "शरीर आजार आधी लपवतं, आणि मग ओरडतं." हे वाक्य त्यांनी कुठल्या कुठल्या सभागृहांत टाकलंय! टाळ्यांचं वाक्य आहे ते. त्यावरून रक्ताची एक तपासणीही तयार होत होती, कारण पहिल्याच टप्प्यात आजार पकडता आला तर माणूस वाचतो.

दरवर्षी नव्या पोरांच्या स्वागताला ते त्या शोधाची गोष्ट सांगायचे. पहिल्या टप्प्याचे नमुने हाती आले त्या आठवड्यात तंत्रज्ञाच्या बायकोचं बाळंतपण होतं, तो रजेवर. मग यांनी स्वतः उभं राहून ती अख्खी प्लेट भरली आणि स्वतः मशिनमध्ये ठेवली. प्लेट म्हणजे तळहाताएवढी प्लास्टिकची आयताकृती थाळी, त्यात ओळीनं छोटे खळगे, एकेका खळग्यात एकेका माणसाचा नमुना. "दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही मी," असं म्हणताना यांची छाती फुगायची. मी त्या वेळी चहाला जायचे. ते भाषण मला पाठ आहे.

तर आता टाचणीबद्दल. टाचणी ही यांची विद्यार्थिनी. हे नाव मीच ठेवलं. बारीक, सरळ, आणि जिथे ठेवाल तिथे टोचणार. संशोधन यांच्या हाताखाली, पण आकडेवारीचं प्रशिक्षण माझ्याकडे. तिच्या प्रबंधाचा विषय सरांचाच जुना डेटा. सगळ्या प्लेटा नव्या पद्धतीनं पुन्हा तपासायच्या, म्हणजे थोडक्यात सरांच्या बंगल्यावर आणखी एक मजला चढवायचा. एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तिची नोकरी ठरली होती, पण सत्र संपायच्या आत पदवी हातात पाहिजे अशी अट होती. वडील क्रेन चालवत, आणि पोरीची पदवी झाली की सोडणार होते. त्यांच्या पाठीचा कणा जवळजवळ मोडीत निघालेला. पदवीसाठी सरांची सही लागायची. एवढं एकच राहिलं होतं.

एका सकाळी ती प्रशिक्षणाच्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, पहिल्या टप्प्याची प्लेट ओळखपरेडीत नापास झाली."

"किती नमुने?"

"जवळपास निम्मे. बायकांच्यात पुरुष बोलतायत, पुरुषांच्यात बायका. बाकीच्या प्लेटा साफ आहेत."

"सरांना दाखवलंस?"

"दाखवलं. म्हणाले, ते नमुने खराब झालेले आहेत, काढून टाक. मूळ लेखाच्या वेळीही काढले होते म्हणे." ती खुर्चीच्या कडेवर टेकली. "पण मॅडम, उरलेल्यांचं काय? बाईच्या जागी दुसरी बाई आली असेल, तर ओळखपरेडीत ती पासच होणार ना? म्हणजे जे चोर दिसले त्यांना हाकलायचं आणि जे दिसले नाहीत त्यांना घरात जेवायला वाढायचं!"

मला तेव्हाच तिला मिठी मारावीशी वाटली. इतकी वर्षं घसा फोडून मी हेच सांगत आले. पण फौजदारानं लगेच पाघळायचं नसतं. मी म्हटलं, "बरं, मग पुढे?"

तिनं पिशवीतून एक रिकामी प्लेट काढून टेबलावर ठेवली. प्रत्येक प्लेटचा एक कोपरा तिरका कापलेला असतो. तो डावीकडे, आपल्यापासून लांबच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे मशीन पहिला खळगा तो पहिलाच समजतं. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्यालाही हे झोपेत माहीत असतं. टाचणीनं ती प्लेट तशी ठेवली आणि मग अर्धी फेरी देऊन उलट बाजूनं ठेवली. पहिला खळगा शेवटच्याच्या जागी गेला आणि शेवटचा पहिल्याच्या.

"अशी फिरवून वाचली की एकूणएक नमुना जुळतो. बाई ती बाई, पुरुष तो पुरुष. एकही चुकत नाही. योगायोग असेल म्हणून मी कॉम्प्युटरवर चिठ्ठ्या हजारो वेळा पिसल्या. तुमच्यासारख्याच. एकदाही सगळे जुळले नाहीत."

मी प्लेट स्वतः फिरवून बघितली. त्या काळी डाव्या अर्ध्यात आजारी आणि उजव्या अर्ध्यात निरोगी, असे नमुने भरत. मूर्खपणाच तो, पण भरत. प्लेट फिरली की आजारी ते निरोगी झाले आणि निरोगी ते आजारी.

"म्हणजे पहिल्या टप्प्यात जनुक मंदावत नाही," मी म्हटलं.

"पहिल्यापासूनच चढतं. शरीर काही लपवत-बिपवत नाही, मॅडम. आणि ती तपासणी बाजारात आली तर खऱ्या आजारी माणसाला सांगणार, जा घरी, तुला काही नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुपारी आम्ही दोघी सरांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकदाही न थांबवता. मला तेच लक्षण वाईट वाटलं. मग ते टाचणीला म्हणाले, "ती प्लेट कुणी भरली माहितेय ना तुला?"

"हो सर."

"मग संपलं. खराब नमुने काढ, प्रकरण लिही, महिनाअखेरीला तोंडी परीक्षा आहे. तू ती प्लेट फिरवून सादर केलीस, तर माझी सही मिळणार नाही. मॅडम, तुम्ही हिच्या डोक्यात हे भरवू नका."

"मी भरवलं नाही, सर. आकड्यांनी भरवलंय."

"मॅडम, हा वर्ग नाही."

"तोच तर प्रॉब्लेम आहे," मी म्हटलं आणि बाहेर पडले.

नियमात एक कलम आहे. मार्गदर्शकानं सही नाकारली तर दुसरा कुणी शिक्षक त्या विद्यार्थ्याची जबाबदारी घेऊ शकतो. टाचणीनं विभागातल्या दोघातिघांना विचारलं. एकाला अचानक परगावी जायचं निघालं, एकाची तब्येत बिघडली. प्रमुखांच्या विरोधात सही करायची म्हणजे संस्थेतले आपले दिवस भरले, हे सगळ्यांना कळत होतं. मला मात्र तिनं विचारलं नाही. मी झापलं तेव्हा म्हणाली, "तुम्हाला कसं विचारू, मॅडम? तुमचं घरचं आहे."

घरचं! म्हटलं, थांब, आता घरूनच सुरुवात करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई टेबलापाशी पेपर वाचत बसल्या होत्या आणि मी ऑम्लेट करायला निघाले होते. फ्रिज उघडला तर अंड्यांचा खोका नेहमीसारखा उलटा. झाकणाची उघडायची बाजू मागच्या भिंतीकडे. आदल्या संध्याकाळी यांनीच आणला होता. लग्न झाल्यापासून हा खोका मी रोज फिरवून ठेवते.

"अहो, हा खोका तुम्ही असाच का ठेवता?"

"कसा?"

"उलटा."

"उलटा कुठाय? नीट तर ठेवलाय."

सासूबाई पेपरातून मान वर न करता म्हणाल्या, "लहानपणी पाटीसुद्धा तशीच धरायचा. मास्तर मारायचे, तरी डावा हात आधी पुढे. याला ते कळतच नाही गं, याच्या दृष्टीनं ते सरळच असतं."

माझ्या हातात अंडं होतं ते तसंच राहिलं. खोका मी बाहेर काढून टेबलावर ठेवला, यांच्या चहाच्या कपाशेजारी. "अहो, एवढं फक्त बघा. कुणी तुम्हाला लबाड म्हणत नाहीये. हात असा वळतो, त्यात लाज कसली? पोरीचं वर्ष वाया जाईल, तिचे वडील त्या क्रेनवर झिजतायत. तुम्ही म्हणा, चूक झाली, मी दुरुस्त करतो. लोक तुम्हाला डोक्यावर घेतील."

त्यांनी खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अंड्यांवरून माझं आयुष्यभराचं काम मोडीत काढणार तू?"

"आकड्यांवरून काढतेय. अंडी फक्त दाखवतेय."

"तू त्या मुलीची बाजू घेतलीस तर लोक म्हणतील, नवरा-बायकोचं घरी पटत नाही म्हणून चव्हाट्यावर आणलं."

"म्हणू देत. लोकांना काय, त्यांना तोंड आहे." मी इतक्या जोरात बोलले की सासूबाईंनी पेपर खाली ठेवला. आम्ही दोघं त्या दिवशी वेगवेगळ्या बसनं संस्थेत गेलो, आणि पुढेही तसेच जात राहिलो.

तोंडी परीक्षेला हॉल भरलेला होता. सगळ्यांना कुणकुण लागली होती. माझी पोरं मागच्या रांगेत. एरवी वर्गात जांभया देणारा माझा एक जांभईबहाद्दर चक्क ताठ बसला होता. पुढे सर, आणि त्यांच्या शेजारी बाहेरून आलेल्या परीक्षक बाई. बाई कमी बोलणाऱ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. टाचणीचे वडील दारापाशी उभे होते. बसा म्हटलं तरी बसेनात, पाठीला उभं राहणंच बरं पडतं म्हणाले.

आदल्या दिवशी मी टाचणीला सांगितलं होतं, "नमुने काढून सादर केलंस तरी मी तुला नावं ठेवणार नाही. पदवी घे आणि सूट इथून." ते मी मनापासून बोलले होते. ती म्हणाली होती, "मॅडम, पहिल्या दिवशी तुम्ही आम्हाला पिसलेल्या चिठ्ठ्या का दिल्यात मग?"

तिनं प्लेट फिरवली. सगळ्यांसमोर. आधी ओळखपरेड, मग फिरवून केलेली ओळखपरेड, मग हजारो वेळा पिसलेल्या चिठ्ठ्या, आणि शेवटी तो आलेख. पहिल्या टप्प्यापासून शेवटच्या टप्प्यापर्यंत सरळ चढ, कुठे उतार नाही. समजवायला तिनं टेबलावर मशिनमधला प्लेट ठेवायचा जुना ट्रे आणि एक रिकामी प्लेट आणून ठेवली होती. एक शब्द गाळला नाही पोरीनं.

सर उठले. चेहरा लालबुंद. "मी प्लेट उलटी ठेवली? मी? या संस्थेत प्लेट कशी धरायची हे लोकांना मी शिकवलंय." त्यांनी टेबलावरची प्लेट उचलली. "बघ, नीट बघ. अशी भरायची. अशी उचलायची. आणि अशी..." ट्रेमध्ये त्यांनी ती खट्‌कन ठेवली, "...ठेवायची. यात चुकायला जागा कुठाय?"

पहिल्या रांगेतल्या सगळ्यांच्या नजरा ट्रेवर खिळल्या होत्या. सरांच्या डाव्या हाताचा अंगठा अजून प्लेटच्या कोपऱ्यावर होता. कापलेल्या कोपऱ्यावर. आणि तो कोपरा उजवीकडे होता, त्यांच्या पोटाजवळ.

तेव्हा मला उमगलं की दरवर्षी स्वागताच्या भाषणात त्यांनी हे असंच करून दाखवलं असणार. समोर नवी पोरं, त्यांना कोपऱ्याचं काय माहीत? आणि मी बाहेर चहा पीत.

टाचणीनं माझ्याकडे पाहिलं. मग मीच उभी राहिले.

"सर, हात तसाच ठेवा," मी म्हटलं. "आणि कोपरा बघा."

त्यांनी पाहिलं. लग्नाच्या नवऱ्याला भर हॉलमध्ये असं उभं करणं मला जड गेलं, हे कबूल करते. पण खाली बसले नाही. शेवटी ते म्हणाले, "आत्ता घाईत ठेवली." आणि मागून कुणीतरी फिसकन हसलं. मी वळून असा डोळा वटारला की हसणं जागच्या जागी मेलं.

परीक्षक बाईंनी चष्मा काढला. "काम उत्तम आहे. माझी हरकत नाही. मार्गदर्शकांची सही?"

सरांनी पेनाचं टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. "मी देणार नाही."

दारापाशी टाचणीच्या वडिलांनी भिंतीला हात टेकला.

"माझी चालेल ना?" मी विचारलं. "नियमात बसतं. जबाबदारी मी घेते."

"तुम्हाला कल्पना आहे ना मॅडम, यांच्या..." बाई अडखळल्या.

"चांगलीच कल्पना आहे. रोज एका टेबलावर जेवतो आम्ही. आणा तो कागद इकडे!"

मी सही केली, ठसठशीत, वळणदार, आडनावासकट. तेही यांचंच आडनाव. टाचणीला रडू फुटलं तेव्हा मी तिला दम भरला, रडायचं असेल तर बाहेर जा, इथे अजून तुझे दोन प्रश्न राहिलेत. तिनं नाक पुसून दोन्हीची उत्तरं दिली. संपल्यावर तिचे वडील पुढे येऊन पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर एकदाचे बसले.

त्यानंतर बरंच झालं. ती तपासणी थांबली. लेख मागे घ्यायचं पत्र निघालं, त्यावर सरांनी दोन महिने तोंडाला कुलूप लावून शेवटी सही केली. प्रमुखपद त्यांनी स्वतःच सोडलं. माझी प्रशिक्षणाची खोली कुणीतरी तळमजल्यावर जनरेटरशेजारी हलवली, म्हणजे मला अद्दल घडावी. मी जनरेटरहून मोठ्या आवाजात शिकवते. घरी मात्र आमचं बोलणं मीठ दे आणि दार लाव एवढ्यावर आलं होतं. सासूबाई अधूनमधून म्हणायच्या, "दोघांनाही धरून बडवायला पाहिजे."

नवं सत्र सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप उघडून पोरांसाठी डेटा तयार करत होते. हे पाणी प्यायला आले आणि माझ्या मागे थांबले. स्क्रीनवर काय होतं ते त्यांना लगेच ओळखू आलं. स्वतःचं पोर कुणालाही ओळखू येतं.

"हा डेटा देणार तू त्यांना?"

"देणार. मूळचा, जसाच्या तसा. एकही नमुना न काढता."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. मी निवृत्त होईपर्यंत, आणि नंतर टाचणी देईल. तिला बोलावलंय मी शिकवायला."

मला वाटलं, आता भडका उडणार. मीही तयारीतच होते, पदर खोचून. पण त्यांनी ग्लास धुतला, पुसला, जागेवर ठेवला. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. स्क्रीनवरच्या त्या खळग्यांच्या ओळींवरून त्यांनी डाव्या हाताचं बोट फिरवलं, शेवटच्या खळग्यापासून पहिल्यापर्यंत.

"त्यांना एवढं तरी सांग," ते हळूच म्हणाले, "की ठेवणारा डावखुरा होता."

त्या हॉलमध्ये, त्या सगळ्या महिन्यांत, जे ऐकायला माझे कान आसुसले होते ते हेच. तरी मी मान हलवली.

"नाही सांगणार," मी म्हटलं. "त्यांचं त्यांना शोधू दे. तुम्ही वर्गात मागे येऊन बसा हवं तर."